उभी गाडी, चालता आकडा

१२ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार. हा मनापासूनचा आहे, लग्नातल्यासारखा फोटोपुरता नाही.

तुमच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर आज सकाळी गळून पडला. गाडी जागेवर उभी होती, मी तिच्यापासून चार हातांवर होते आणि आमचे हे खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते. म्हणजे कुणाच्या माथी खापर फोडायचीही सोय नाही. मुळापासून सुटलेला दात जेवताना अलगद हातात येतो, तसा तो आला. उचलून पाहिला तर आतून गंजून पार चाळणी.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते माझ्या लेकीला आणि तुमच्या लेकाला विचारा. तिसऱ्या वाक्याला तुमचा पापड मोडतो, चौथ्याला माझा. मग ती दोघं तिकडे परदेशात डोक्याला हात लावून बसतात. पत्रात निदान एकीचं बोलणं पुरं होतं.

व्याही गेल्यावर तुम्ही मुलाकडे राहायला गेलात आणि गाडी माझ्या घराखालच्या, दातांच्या बंद दवाखान्यात आली, त्याला आता तीन वर्षं होतील. जिथे माझी पेशंटची खुर्ची होती तिथे बरोबर तिचं इंजिन येतं. खुर्चीवरचा दिवा अजून छताला आहे. ‘दर रविवारी दहा मिनिटं सुरू ठेवा, पण जागची हलवू नका. मीटरवर ८६१२ आहे तो ८६१२ च राहिला पाहिजे. तो त्यांचा शेवटचा आकडा आहे,’ असं तुम्ही बजावलं होतंत. आपलं तेव्हा धड बोलणं नव्हतं तरी मी शब्द दिला आणि इमानाने पाळला. दर रविवारी शटर वर, गाडी सुरू, गाडी बंद, अंगावर चादर. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी इतकं पथ्य पाळलं नव्हतं.

आणि त्या पथ्यानेच तिचा घात केला! आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेजवाला आहे. कुठल्याही कामाला ‘हळूहळू होईल’ म्हणतो, म्हणून ह्यांनी त्याचं नावच हळूहळू ठेवलंय. तो म्हणाला, थंडीत तोंडातून वाफ येते तसं इंजिन सुरू झालं की मागच्या नळीत पाणी धरतं. गाडी रस्त्यावर पळाली तर नळी तापून ते उडून जातं. उभ्या गाडीत दहा मिनिटांत काय तापणार? पाणी तिथेच बसतं आणि आतून खात राहतं. आपण दोघींनी मिळून तिला दर रविवारी थोडं थोडं पाणी पाजलं म्हणायचं.

त्याने आणखीही बरंच दाखवलं. ब्रेक धरून बसलेत. टायरवरची नक्षी नव्यासारखी, पण रबर वाळून त्याला भेगा. पेट्रोलला जुन्या रोगणाचा वास. इतकी कमी चाललेली गाडी म्हणजे नवीकोरी, असा माझा समज होता. तो म्हणाला, ‘डॉक्टरीणबाई, चालून गाड्या जेवढ्या मरत नाहीत तेवढ्या उभ्या राहून मरतात.’ हे वाक्य त्याने तीनदा म्हटलं. त्याला स्वतःलाच फार आवडलेलं दिसलं.

तेव्हा विनंती अशी, की दुरुस्त केल्यावर महिन्यातून एकदा मला ती थोडी चालवू द्या. फार नाही, गावाबाहेरच्या कालव्यापर्यंत आणि परत.

लग्नात मी तुमच्या गाडीला ‘ही गाडी आहे की कवळी, पेल्यात बुडवून ठेवायला?’ म्हणाले होते, ते तुम्ही विसरला नाहीत हे मला ठाऊक आहे. मीही विसरलेले नाही. चांगलंच जमलं होतं ते वाक्य.

तुमची विहीण


१० फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. एवढ्या लांबून एवढा महागाचा लिफाफा आणि आत चार ओळी! ‘गाडी चालवायची नाही. आकडा त्यांचा आहे. बाकी काय लागेल ते करा. मीटरचा फोटो दर महिन्याला न चुकता पाठवा.’ गणिताच्या बाई शोभता खऱ्या. उत्तराखाली दोन रेघा मारायच्या तेवढ्या राहिल्या. ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, ‘याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.’ मी त्यांना दटावलं. आकडा तुमचा आहे, तुमच्या माणसाने मागे ठेवलेला आहे, आणि तो तसाच राहावा असं वाटतं यात हसण्यासारखं काही नाही. मी चालवणार नाही. झालं?

पण ‘बाकी काय लागेल ते’ या शब्दांचा मी पुरेपूर फायदा घेतलाय, आणि विहीणबाई, मी इतकी मजेत आहे की सांगून सोय नाही.

दवाखाना बंद केल्यापासून माझे हात रिकामे होते. आता सकाळी चहा झाला की शटर वर. खुर्चीवरचा दिवा खाली ओढला की थेट इंजिनात उजेड पडतो. माझा तो दांडीचा छोटा आरसा आठवतो? तुमच्या खालच्या दाढेला लावला होता तो. तोच आता इंजिनामागे घालते आणि हळूहळूला मान वाकडी करूनही दिसलं नसतं ते बसल्या जागी बघते. नव्हे, त्याच्याआधी मलाच दिसलं, की रबराच्या एका नळीला आतल्या अंगाने चीर गेलीय. त्याने ते मान्य केलं, हळूहळू. कार्बोरेटरच्या छिद्रांत जुन्या पेट्रोलचा चिकटा बसला होता, तो मी दाताची मुळं साफ करायच्या सुयांनी काढला. ब्रेकचं काळं पडलेलं तेल इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने ओढलं. हळूहळूने इंजिनात पान्याला लावायची एक छोटी वाटी पाडली आणि हात घालून तासभर चाचपत बसला. ती माझ्या लांब चिमट्याला दोन मिनिटांत लागली. जन्मभर पेशंट सांभाळले, पण इतका वेळ तोंड उघडं ठेवून एकदाही ‘आ’ न करणारा पेशंट हा पहिलाच.

नवे टायर बसले. ब्रेक मोकळे झाले. नवा सायलेन्सर आला आणि गाडी सुरू केली तर आवाज असा खर्जातला, की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खाली डोकावून विचारलं, ‘कोण आलंय?’ मी म्हटलं, ‘विहीणबाईंची गाडी!’ फार दिवसांनी मला असं मोठ्याने सांगण्यासारखं काही मिळालं.

आता एकच राहिलंय. गिअरबॉक्समधलं आणि मागच्या चाकांकडचं तेल सगळीकडे पोचायला चाकं फिरावी लागतात. चाकं फिरायची म्हणजे गाडी चालवायची, आणि ती तर चालवायची नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी उत्तर सापडलं. मागची बाजू जॅकने उचलायची, खाली लोखंडी घोड्या लावायच्या, आणि गाडी गिअरमध्ये टाकायची. चाकं हवेत फिरतील, गाडी तसूभर हलणार नाही, तुमचा शब्दही राहील. हळूहळूलाही ही युक्ती पसंत पडली, म्हणजे ती त्याला स्वतःलाच सुचली होती असं तो आता सांगत फिरतोय.

फोटो सोबत आहे. ८६१२. काच पुसून काढलाय.

तुमची विहीण


९ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

इकडे सर्व ठीक. ह्यांचे गुडघे बरे आहेत. वरच्या आजोबांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. हवा छान आहे.

या महिन्याच्या फोटोला जरा उशीर होतोय. फोन बिघडलाय. म्हणजे फोन चालू आहे, त्याचा फक्त कॅमेरा बिघडलाय. शिवाय दवाखान्यात उजेड कमी पडतो.

गाडी उत्तम.

तुमची विहीण

ता. क. जुन्या गाड्यांच्या मीटरचे आकडे गाडी मागे नेली तर उलटे फिरतात, हे तुम्हाला माहीत होतं का? गणिताच्या म्हणून विचारलं. सहज.


२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं ‘सहज म्हणजे काय?’ एवढंच लिहिलेलं कार्ड मिळालं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सांगते. बसून वाचा.

घोड्यांवर गाडी चढवली. शटर उघडं ठेवलं. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. मागची चाकं हवेत अशी सुरेख फिरायला लागली की मी आणि हळूहळू दोघांनी टाळ्या वाजवल्या. तो त्याच्या कामाला गेला आणि मी स्टिअरिंगमागे बसून राहिले. खरं सांगायचं तर मी थोडी रमले. हात चाकावर, समोर भिंतीवर माझी जुनी दातांची चित्रं, आणि मी आपली मनातल्या मनात कालव्याच्या रस्त्याने चाललेय. एका अक्कलदाढेपाशी मी हॉर्नसुद्धा वाजवला.

मग मीटरकडे लक्ष गेलं. ८६२३.

गाडी जागची हलली नव्हती हो! आकडा मात्र अकरा किलोमीटर पुढे. मीटरची तार गिअरबॉक्समधून येते. तिला काय कळणार, चाक रस्त्यावर फिरतंय की हवेत?  तुम्ही मला एक गोष्ट सांभाळायला दिली होतीत, एकच, आणि ती मी बसल्या जागी घालवली.

हळूहळूकडे धावले. तो डोकं खाजवत म्हणाला, ‘या जुन्या मीटरचं एक असतं. रिव्हर्स टाकला की आकडे मागे येतात. हळूहळू येतात, पण येतात.’ बुडत्याला काडीचा आधार. घरी आले, रिव्हर्स टाकला, इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवला, आणि खरंच, आकडा मागे सरकायला लागला. ८६२३ चा ८६२२. अशी माया मी आयुष्यात पाहिली नव्हती. मनात म्हटलं, असं सगळंच मागे नेता आलं असतं तर!

तेवढ्यात वरून लेकीचा फोन वाजला. मी ह्यांना मीटरसमोर बसवलं आणि बजावलं, ‘८६१२ झाले की मला हाक मारा.’ मग मायलेकी बोलायला लागलो. तुमच्या सुनेचं बोलणं कसं असतं ते तुम्ही तीन वर्षं ऐकताय. तिने तुमच्या पाठदुखीचं सांगितलं, नव्या पडद्यांचं सांगितलं, तुम्ही तिला भागाकार शिकवल्यासारखा स्वयंपाक शिकवता तेही सांगितलं. फोन ठेवून खाली आले तर हे मीटरसमोर ताठ बसलेले, चेहरा पडलेला.

‘हाक मारायला सांगितली होती ना?’

‘मारली की! चारदा मारली. तुझं चालूच होतं.’

‘मग गाडी बंद करायची!’

‘मला काय माहीत ती कशी बंद करतात? तू म्हणालीस बघत बसा. मी बघत बसलो.’

८५९७.

विहीणबाई, व्याह्यांनी ठेवली होती त्याहून तुमची गाडी आता पंधरा किलोमीटर कमी चाललेली आहे. असा पराक्रम जगात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

घोड्यांवरच पुढे फिरवून पंधरा भरून काढू, असं हळूहळू म्हणाला. मी नाही म्हटलं. पहिले अकरा अनवधानाने झाले, मागचे सव्वीस घाबरून झाले. आता तिसऱ्यांदा हात लावायचा तर तुम्हाला विचारूनच. फोटो सोबत आहे. कॅमेरा बिघडलेला नव्हता.

मला वाईट वाटतंय. आणि इतकं वाईट वाटत असताना मध्येच मला हसू येतं, याचं आणखी वाईट वाटतं.

तुमची विहीण


६ मे

विहीणबाईंना नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात तुमचा फोन आला.  तुमचा तो वर्गातला आवाज, ‘पंधरा?’ मी म्हटलं, ‘पंधरा.’ तुम्ही म्हणालात, ‘मी येते. ते पंधरा मी स्वतः मोजून घेणार.’ आणि ठेवून दिलात. आपण फोनवर भांडलो नाही, अशी ही पहिलीच खेप. ह्यांनी कॅलेंडरवर खूण केलीय.

तुमचं सविस्तर पत्र काल मिळालं. सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणे होईल, काळजी नसावी. तुम्ही शेजारी बसणार, मी चालवणार. घरापासून कालव्याच्या रस्त्याने निघायचं, मीटर ८६१२ वर आला की गाडी तिथल्या तिथे उभी करायची. तुम्ही थोडा वेळ तिच्यात शांत बसणार. मग सपाट पाठीच्या ट्रकवर ती चढवून घरी आणायची, म्हणजे परत येताना चाक जमिनीला लागायला नको. त्यानंतर तिला कुणी हात लावायचा नाही. रविवारचंही बंद.

ट्रक सांगून ठेवलाय. हळूहळूने स्वतःच्या स्कूटरवरून पंधरा किलोमीटर मोजून जागा ठरवलीय, पाण्याच्या जुन्या टाकीसमोर. तो तिथे ट्रक घेऊन आधीच थांबेल.

सगळं तुमच्या मनासारखं होईल. पण मनातलं बोलले नाही तर मी मी कसली? गेले चार महिने मी या गाडीचा नट अन् नट हाताळलाय. ती आता धडधाकट आहे. तिला पुन्हा चादरीखाली कायमचं निजवायचं म्हणजे माझ्या जिवावर येणार आहे. एवढं लिहिलं आणि संपलं. गाडी तुमची, आकडा तुमचा, माणूस तुमचा.

पाठीसाठी छोटी उशी आणा. सीट खोलगट आहे.

तुमची विहीण


१८ जून

विहीणबाईंना नमस्कार.

सुखरूप पोचलात हे लेकीकडून कळलं. पाठ दुखली नाही हेही कळलं.

विमानतळावर आत जाता जाता तुम्ही वळून विचारलंत, ‘खरं सांगा विहीणबाई, आकडा गेला तेव्हा तुम्ही पाहिला होता का?’ मी म्हटलं, ‘माझं लक्ष रस्त्यावर होतं हो.’ तिथे सांगत बसले असते तर दोघी रडलो असतो आणि तुमचं विमान चुकलं असतं. म्हणून आता लिहिते, अगदी पहिल्यापासून.

निघालो तेव्हा गाडीचं कापडी छत मागे घेतलेलं होतं. तुम्ही उशी पाठीशी, पर्स मांडीवर आणि नजर मीटरवर अशा बसलात, जणू पेपर तपासायला बसलात. ‘बोलू नका, माझं मोजणं चुकेल,’ म्हणालात. मी गप्प. मला गप्प राहायला किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे. शाळा मागे पडली, वखारी मागे पडल्या, कालवा लागला. वारा तुमच्या केसांत शिरला, तुम्ही एकदा ते हाताने सारखे केलेत, मग नाद सोडलात. गाडी अशी पळत होती की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. तुमच्या भीतीने म्हटलं नाही.

८६०९ झाले आणि तुम्हीच बोललात.

‘त्या दिवशी लग्नात तुम्ही मला कवळीवरून बोललात. शंभर माणसांत.’

मी म्हटलं, ‘बोलले. पोरांनी एवढं मनात धरलं होतं, हॉलमधून या गाडीतून निघायचं. व्याह्यांनी सगळ्यांसमोर खिशातून किल्ली काढून दाखवली, “माझी काय हरकत!” म्हणाले. आणि तुम्ही म्हणालात, गाडी जाणार नाही. मग मला राग येणार नाही?’

तुम्ही मीटरवरची नजर काढून कालव्याकडे वळवलीत. मग म्हणालात, ‘त्यांनी किल्ली काढली, आणि मग काय केलं आठवतं?’

‘काय केलं? चष्मा पुसत उभे राहिले बिचारे.’

‘तीच तर खूण होती!’

मला काहीच कळलं नाही. तेव्हा तुम्ही सांगितलंत. व्याह्यांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. तोंडाने हो म्हणायचे आणि चष्मा काढून पुसायला लागायचे. चष्मा पुसला की ‘नाही’ तुम्ही म्हणायचं. संसाराच्या पहिल्या वर्षापासून तुमचं असं ठरलेलं. त्या दिवशी धास्ती त्यांनाच होती, गाडीवर ओरखडा पडेल म्हणून. तुमचं तर मनातून होतं, की पोरांनी जावं त्या गाडीतून.

‘सगळं जग त्यांना देवमाणूस म्हणायचं आणि मला खाष्ट,’ तुम्ही म्हणालात. ‘मी कधी कुणाला सांगितलं नाही. तेवढी एकच गोष्ट होती, जी त्यांना माझ्याशिवाय जमायची नाही.’

विहीणबाई, माझा गिअर बदलायचा राहिला. इतकी वर्षं मी तुमच्यावर दात धरून होते, आणि मी तर दातांची डॉक्टर! मला आठवायला लागलं. मी विचारलं, ‘म्हणजे आमच्या ह्यांना तुमची शिडी हवी होती, तेव्हा?’

‘चष्मा पुसला.’

‘साखरपुड्याच्या दिवशी मी त्यांना गाणं म्हणायचा आग्रह केला आणि तुम्ही म्हणालात घसा बसलाय, तेव्हा?’

‘पुसला.’

‘आणि आम्ही चार दिवस राहायला येतो म्हटलं होतं, तेव्हा?’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, ‘नाही, तेव्हा नव्हता पुसला. ते “नाही” माझं स्वतःचं होतं.’

आणि मग तुम्ही हसायला लागलात. आधी नुसतेच खांदे हलले. मग तोंडावर हात. मग हात खाली आला आणि तुम्ही मान मागे टाकून अशा हसलात, की कालव्यात कपडे धुणाऱ्या बायकांनी वर बघितलं. डोळ्यांतून पाणी, पर्स पायांपाशी पडलेली, उशी कुठे गेली पत्ता नाही. मधेच म्हणालात, ‘एकदा तर चष्मा घालायला विसरले होते आणि नुसताच रुमाल पुसत बसले!’ आणि पुन्हा सुरू.

त्याच वेळी पुढे पाण्याची टाकी दिसली. ट्रक उभा होता. हळूहळू रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात हलवत होता. तुम्हाला वाटलं कुणी ओळखीचा आहे. तुम्हीही हसत हसत हात हलवलात आणि मला विचारलंत, ‘कोण हो हे?’ मी म्हटलं, ‘आमच्या गल्लीतले आहेत.’ तो बाजूला उडी मारून उभा राहिला. आता तो सगळ्यांना सांगतो की त्याने आपल्याला मुद्दाम वाट करून दिली.

मी मीटरकडे बघितलं होतं, विहीणबाई. मी पाहिलं. दोनाचा आकडा वर सरकायला लागला, खालून तिनाचं डोकं दिसलं, आणि अर्धा दोन, अर्धा तीन असा तो थोडा वेळ अडकल्यासारखा झाला. माझा पाय ब्रेकवर गेला होता. ब्रेक उत्तम आहेत, मीच केलेत, गाडी जागच्या जागी थांबली असती. पण तुम्ही हसत होतात. तीन वर्षं लेक मला फोनवर सांगायची, ‘आई, या कधी हसतच नाहीत गं,’ आणि मी इकडून काय करणार होते? मी पाय काढून घेतला. तीन पुरा वर आला आणि आपण पुढे निघून गेलो. तुम्ही तेव्हा त्यांच्याच गोष्टीवर हसत होतात.

रस्त्याच्या पार टोकाला असलेल्या तळ्यापाशी थांबल्यावर तुम्ही मीटर बघितलात. ८६३१. मला वाटलं आता काय होतंय. तुम्ही काचेवर बोट ठेवलंत, बराच वेळ ठेवलंत, डोळे पुसलेत, आणि मग समोर तळ्याकडे बघून म्हणालात, ‘इतक्या लांब ते कधी आलेच नव्हते. बिचाऱ्यांनी हे पाहिलंच नाही.’ आणि मग, ‘छान पळते हो.’ परत येताना टाकीपाशी ट्रक अजून उभा होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि मानेनेच ‘पुढे चला’ अशी खूण केलीत. आपण तिच्यातूनच घरी आलो.

तेव्हा तो आकडा चुकून गेला नाही. मी जाऊ दिला. याचा राग येईल का, ते इतके दिवस मनात घोळवलं, आणि माझं मन सांगतं की नाही येणार. आलाच तर सविस्तर लिहा, चार ओळींत नको.

काल रविवार होता. मी तिला तळ्यापर्यंत फिरवून आणली. शेजारची सीट रिकामी होती, ती काही मला बरी वाटली नाही. हळूहळूला विचारून ठेवलंय, तो म्हणतो या वयातही शिकता येतं. पुढल्या खेपेला तुम्ही चालवा. मी शेजारी बसून हसते.

तुमची विहीण